आलफ बैलाचा

लातुरात झेरॉक्सच्या दुकानात कुठलाही कागद घेऊन जा, समोरचा माणूस आधी परीक्षेचं नाव विचारतो. ट्यूशन एरियातल्या आमच्या नेहमीच्या दुकानदाराचं निम्मं आयुष्य डॉक्टर होऊ पाहणाऱ्या पोरांच्या नोट्स छापण्यात गेलं आहे. मी मोबाइलवरून पाठवलेला तक्ता मशीनमधून बाहेर आला तेव्हा त्यानं तो सुलटा धरला, उलटा धरला, परत सुलटा धरला आणि म्हणाला, "सर, ह्ये कोन्त्या परीक्षेचं हाय?"

"परीक्षेचं नाही रे. अरामी लिपी आहे. फार जुनी."

"आरामी? म्हंजे रिटायर झाल्यावर शिकायची का?"

मला हसू आलं. "तसंच समज. दोन प्रती काढ. एक माझी, एक तुझ्या काकूंची."

"काकू पन शिकून राहिल्या का? लई भारी," असं म्हणत त्यानं दोन्ही कागद लॅमिनेट करून दिले. त्याला खरं कारण सांगावं असं फार वाटलं. पण मागे बारावीची पोरं घाईत उभी होती, आणि असली गोष्ट काउंटरवर उभ्या उभ्या सांगता येत नाही. खरं कारण असं होतं, की माझ्या बायकोला वाचता येईनासं झालं होतं.

ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. मुरुड, शिरूर अनंतपाळ, मग परत मुरुडच्या बाजूचं एक खेडं. जिथं बदली झाली तिथं तिनं पहिलीचा वर्ग मागून घेतला. हेडमास्तर खूश होऊन लगेच देऊन टाकायचे, कारण पहिली कुणालाच नको असते. नाकं पुसा, रडणाऱ्याला गप्प करा, पळून गेलेल्याला पकडून आणा, आणि एवढं सगळं करून उरलेल्या वेळात अक्षर शिकवा. मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवायचो. घरी कधी माझ्या निकालाचं कौतुक निघालं, की ती भाकरी थापता थापता म्हणायची, "तुमच्याकडं येतंय ते पोरगं वाचाया शिकून येतंय की. त्याला वाचाया कोन शिकवलं?"

दोन वर्षांपूर्वी शेजारची छोटी मुलगी पाटी घेऊन आली आणि म्हणाली, "आजी, ज्ञ काढून दाखवा." बायकोनं खडू घेतला. हात पाटीवर टेकला आणि तिथंच राहिला. "हात दुखतोय गं माझा आज," म्हणून तिनं पाटी परत दिली, आत गेली आणि कामवाली नुकतीच घासून गेलेली भांडी पुन्हा घासत बसली. पुढं मग एकेक कळत गेलं. ती रोज सकाळी पेपर हातात घ्यायची, ठरावीक वेळानं पान उलटायची, पण बातमी विचारली तर "तेच की रोजचं" म्हणायची. एकदा मी मुद्दाम आदल्या दिवशीचाच पेपर ठेवला. तिनं तोही तितक्याच मन लावून चाळला. मी तो पेपर घडी घालून रद्दीत ठेवला आणि मला भीती वाटली.

तिचा भाऊ नांदेडला असतो, म्हणून तिथंच दाखवलं. डॉक्टर लेनमधले ते डॉक्टर भले गृहस्थ होते. मेंदूचा फोटो उजेडासमोर धरून त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. ते नाव आता सगळ्यांना माहीत असतं, मला लिहावंसं वाटत नाही. "हे मागं फिरत नाही सर," ते म्हणाले. "गोळ्यांनी वेग कमी होतो, झाला तर." मी विचारलं, अभ्यास करून घेतला तर? त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "काहीतरी नवीन शिकत राहिलं तर चांगलंच. डोकं जागं राहतं. पण फार अपेक्षा ठेवू नका." यातलं शेवटचं वाक्य मी ऐकलंच नाही. लातूरच्या मास्तरला 'अभ्यास' हा शब्द ऐकू आला की पुढचं काही ऐकू येत नाही.

घरी आल्यावर पहिली घोडचूक केली. बाराखडीचं पुस्तक आणून तिच्यासमोर ठेवलं. तिनं मुखपृष्ठावरचं कमळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "मला बाराखडी शिकवून राहिले तुम्ही? मला?" पुस्तक भिंतीवर जाऊन आपटलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं वस्तू फेकल्याची ती पहिलीच वेळ. संध्याकाळी ते मीच गुपचूप उचलून कपाटात टाकलं.

मग मी विचार करायला लागलो. तेलुगू? तिचं माहेर नायगावकडचं, आजोळ तर पार सीमेलगत. तेलुगू पाट्या ती लहानपणापासून वाचायची. उर्दू? तिचे वडील निजामाच्या राज्यात शिकलेले. उर्दू पेपर वाचायचे आणि लाडक्या लेकीला अलिफ-बे त्यांनीच शिकवलं होतं. मोडी तिनं एका उन्हाळ्यात हौसेनं शिकून घेतली होती. म्हणजे कुठलीही लिपी काढली तरी त्यात तिचं काहीतरी हरवलेलं असणार, आणि ते हरवलंय हे तिला कळणार. मला अशी लिपी हवी होती जिथं तिचं काही ठेवलेलंच नाही. माझंही नाही. दोघंही ठार अडाणी.

अरामी मला मोबाइलवर सापडली. पांढऱ्या दाढीचे एक परदेशी गृहस्थ बावीस अक्षरं शिकवत होते. हिब्रू, अरबी, आपल्याकडची उर्दू, सगळ्यांची अक्षरं या एका झाडाची, असं ते सांगत होते. आपल्या ब्राह्मीचंही मूळ तिकडंच असं काही विद्वान म्हणतात, काही म्हणतात छे. मला त्या वादाशी देणंघेणं नव्हतं. लातूर जिल्ह्यात ही लिपी येणारा माणूस शोधूनही सापडला नसता, एवढंच मला पुरेसं होतं. "एवढंही येत नाही का?" असं म्हणायला कुणी येणार नव्हतं. बंगळूरला असलेल्या मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, तुम्ही बरे आहात ना?"

जूनमध्ये शाळा उघडतात, त्याच सुमाराला आम्ही सुरुवात केली. सकाळचा चहा झाला की व्हरांड्यात सतरंजी टाकायची, मध्ये पाटी, दोघांसमोर एकेक तक्ता. तक्त्यावर प्रत्येक अक्षरासमोर चित्र होतं, कारण त्या अक्षरांची नावंच वस्तूंची आहेत. आलफ म्हणजे बैल. बेथ म्हणजे घर. गामल उंट, दालत दार. बायकोनं चित्रांवरून बोट फिरवलं आणि तिचा चेहरा उजळला.

"अननस न्हाई, आगगाडी न्हाई," ती म्हणाली. "बैल, घर, दार. शानी मानसं हायती. पोराला जे दिसतंय तेच दिलंय."

"उंट कुठं दिसतो आपल्याला?"

"त्यांना दिसत असंल की. तुम्हाला कशाला पायजे त्यांची उठाठेव?"

इतकं मोकळं बोलणं तिच्या तोंडून कितीतरी महिन्यांनी ऐकलं. मी त्या दिवशी दुपारी एकटाच बाजारात जाऊन खव्याचे पेढे घेऊन आलो. कशाचे म्हणून तिनं विचारलं तर सांगितलं, नवीन वर्गाचे.

ते पहिले दिवस खरंच सुखाचे होते. ही लिपी उजवीकडून डावीकडे चालते याचं तिला काही वाटलं नाही, वडिलांची उर्दू कुठंतरी हातात असणार. पण अक्षर काढून झालं की ती त्याच्या डोक्यावर एक आडवी रेघ ओढायची. मी म्हटलं, अगं, यांच्यात शिरोरेषा नसते. "नसू दे," ती म्हणाली, "उघड्या डोक्यानं कुठं चाललं ते अक्षर?" मात्रा-वेलांट्या नाहीत, स्वर वाचणाऱ्यानं मनानं घालायचे, हे कळल्यावर तर ती त्या लोकांवर खरोखर चिडली. "मग पोरगं वाचंल कसं? ह्ये काय पोरांसाठी केलेलं न्हाई, पंडितांनी पंडितांसाठी केलंय." मी मान डोलवली.

इथं मी थांबायला हवं होतं. पण जित्याची खोड. लातूर पॅटर्न म्हणून जे काही गाजलं, त्याचं सगळं गुपित मला माहीत आहे: सराव, चाचणी, चुका काढणे, परत सराव. त्याच वाटेनं मी पोरांना काठाला लावलं, मीही लागलो. रविवार आला आणि मी चाचणी घेतली. चित्रं झाकून नुसतं अक्षर दाखवायचं. पहिलंच अक्षर, बैलाचं. आठवडाभर रोज तिनं ते गिरवलेलं.

"हे कोण?"

तिनं अक्षराकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. पाठ न झालेलं पोरगं मास्तरच्या तोंडावर उत्तर शोधतं, तसं ती शोधत होती. मी दुसरं दाखवलं. तिसरं दाखवलं. शहाणा असतो तर तिथंच कागद मिटला असता, पण मला वाटलं एखादं तरी येईल. एक आलं तरी त्यावर इमारत उभी करता येते, असं मी आयुष्यभर पोरांना सांगत आलोय.

ती रडायला लागली. पदर तोंडावर घेऊन, आवाज न करता. "सर," ती मला म्हणाली, "नापास करू नका. मी उद्या करून येते."

तिनं मला 'सर' म्हटल्याचं रात्री जेवताना माझ्या लक्षात आलं. तोवर तीही ते विसरली होती आणि "मीठ कमी पडलं का हो?" म्हणून विचारत होती. भाजी खारट झाली होती. मी म्हटलं, बरोबर आहे.

पुढच्या खेपेला नांदेडला गेल्यावर मी डॉक्टरांना सगळं सांगितलं, थोडं तक्रारीच्याच सुरात. एक अक्षर टिकत नाही हो. ते म्हणाले, "टिकणार नाही. मी म्हणालो होतो तुम्हाला." मग म्हणाले, "त्यांना यायला पाहिजे हे सोडा सर. त्यांच्यासोबत बसा फक्त." परतीच्या एसटीत मी त्या माणसावर मनातल्या मनात भयंकर चिडलो. नुसतं बसायचं असेल तर फी कशाची घेतो? अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा बायकोनं खिडकीतून भुईमुगाच्या शेंगा घेतल्या आणि सोलून एकेक दाणा माझ्या हातावर ठेवत राहिली. माझा राग कुणावर आहे ते मला तेव्हा कळलं, आणि त्यावर काहीच इलाज नव्हता. चाळीस मिनिटांत कुठलंही गणित फोडणारा माणूस मी, मला हे गणित मांडताही येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सतरंजी टाकली ती सवयीनं. चाचणी बंद, तक्ते बाजूला. मीच एकटा पाटीवर दालत काढत बसलो होतो. दालत आणि रेश ही दोन अक्षरं जवळजवळ जुळी आहेत. दालत म्हणजे दार, रेश म्हणजे डोकं, आणि माझ्या हातून दर वेळी एकाचं दुसरं व्हायचं. ती बाजूला बसून पाहत होती. बाजूला पडलेल्या तक्त्यावरची चित्रं तिला दिसत होतीच.

"असं न्हाई," ती म्हणाली आणि खडू माझ्या हातातून ओढून घेतला. "दाराला कोपरा असतो का न्हाई? मग कोपरा काढायचा. डोक्याला कुठं असतो कोपरा? डोकं गोल. हां, आता काढ."

'काढ.' आमच्या पिढीतली बाई नवऱ्याला अरे-तुरे करत नाही, भांडणातसुद्धा नाही. मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्या मनगटाला धरून माझा हात पाटीवर फिरवत होती आणि तिचं लक्ष फक्त खडूच्या टोकावर होतं.

"पाठ सरळ कर. पाटीवर नाक टेकवून लिवतात का?"

मी पाठ सरळ केली.

असा आमचा वर्ग उलटा फिरला. रोज सकाळी ती पदर खोचून बसायची, मी समोर. रोज सुरुवात बैलापासून, कारण कालचं तिच्याकडे काही शिल्लक नसायचं. तक्ता पाहायची, चित्र पाहायची, क्षणभर विचार करायची आणि मग हे पोराच्या गळी कसं उतरवायचं ते तिला सुचायचं. तिची शिकवायची रीत मला कधी पाहायला मिळाली नव्हती, माझी शाळा वेगळी, तिची वेगळी. आता पाहत होतो. आधी अक्षर हवेत बोटानं, मग ताटलीतल्या गव्हात बोटानं, मग पाटीवर, आणि पाटीवरही आधी तिच्या अक्षरावरून गिरवायचं. चुकलं तर पुसून टाकायची आणि म्हणायची, "झालं, चूक गेली." दारा-डोक्याचा कोपरा तिला रोज नव्यानं सुचायचा, त्याच शब्दांत, आणि रोज ती स्वतःवर तितकीच खूश व्हायची.

मला मात्र रोज चुकावं लागायचं. हे बोलायला सोपं, करायला फार अवघड. पहिलीतलं पोरगं कसं चुकतं ते मला ठाऊक नव्हतं. मी वेडंवाकडं काढलं की ती म्हणायची, "मुद्दाम करून राहिलास तू. उठाबशा काढायला लावीन." बाईंना फसवणं सोपं नाही. शेवटी मी खडू डाव्या हातात धरायला लागलो, म्हणजे खरंच चुका होऊ लागल्या.

मुलगी फोनवर विचारायची, "आईला काही फायदा होतोय का?" मी म्हणायचो, होतोय. काय फायदा, असं तिनं विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. बावीसच्या बावीस अक्षरं मला येत होती, ज्यांचा मला काडीचा उपयोग नव्हता. आणि जिच्यासाठी हा खटाटोप केला, तिला एकही येत नव्हतं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणावं, तर त्या घड्यातून रोज मलाच पाणी मिळत होतं.

वर्ग संपला की ती नळावर जाऊन हाताचा खडू धुवायची, हात पुसत आत यायची आणि म्हणायची, "अहो, चहा ठेवू का?" मी त्या 'अहो'साठी थांबलेलो असायचो. ते कानावर पडलं की जीव भांड्यात पडायचा. मी परत तिचा नवरा झालेला असायचो. श्रावणात कधीतरी ते 'अहो' उशिरा यायला लागलं. हात धुऊन झाल्यावर ती जरा वेळ माझ्याकडे पाहत राहायची, मग यायचं. पुढं दुपारच्या जेवणापर्यंत लांबायला लागलं. एकदा ताटावर बसताना तिनं मला विचारलं, "डबा आनला न्हाईस का रे? बरं, ये, ह्यातलंच खा." आणि तिच्या ताटातली अर्धी भाकरी मोडून माझ्या हातात दिली. मी ती खाल्ली.

मला वाटलं, हा वर्गच तिला माझ्यापासून लांब नेतोय. बंद करावा. एका सकाळी सतरंजी टाकली नाही, तक्ते कपाटावर ठेवले, पेपर वाचत बसलो. ती पदर खोचून व्हरांड्यात आली, रिकाम्या फरशीकडे पाहिलं आणि भिंतीला टेकून बसली. मग मला म्हणाली, "एक बी पोरगं आलं न्हाई आज. काय झालं असंल हो?" तिच्या आवाजात इतकी काळजी होती, की मला पुढची ओळ दिसेना. वर्गात ती आनंदात होती, पण तिथं मी तिचा कुणी नव्हतो. वर्ग नसला की मी तिचा होतो, पण तिचं तोंड उतरलेलं. दोन्हीपैकी एक मला निवडायचं होतं, आणि ते मी निवडलं असं म्हणण्यात काही अर्थ नाही. मी उठून सतरंजी टाकली आणि बाहेरून आल्यासारखा पायरीवर चपला काढून आत आलो.

"उशीर का झाला?" तिनं विचारलं. चेहरा खुलला होता.

दसरा आला. मराठवाड्यातल्या शाळांत दसऱ्याला पाटीपूजन असतं, ते मी विसरलो होतो, ती नाही. सकाळी उठून पाहतो तर तिनं व्हरांड्यात पाट धुऊन मांडला होता. पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली होती, एकापुढं एक, सगळे आकडे जागच्या जागी. हात कुठंही अडखळला नव्हता. झेंडूची दोन फुलं, आपट्याचं पान, हळदकुंकू. मी आंघोळ करून बसलो. तिनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं, पाटी पुसली आणि माझ्यासमोर ठेवली.

"आज बाई सांगणार न्हाईत," ती म्हणाली. "आज ज्यानं त्यानं आपल्या मनानं एक शबुद लिवायचा."

मी खडू उजव्या हातात घेतला. आज चुकायचं नव्हतं. मी तिचं नाव लिहिलं. आमच्याकडे बायकोला नावानं हाक मारत नाहीत. लग्नाच्या पंगतीत उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, त्यानंतर कधी कागदपत्रांवर लिहिलं. जिभेवर फारसं न आलेलं ते नाव मी उजवीकडून डावीकडे एकेक अक्षर करून लिहीत गेलो, सावकाश, ती जसं शिकवते तसं. मात्रा नव्हत्याच, त्या वाचणाऱ्यानं घालायच्या होत्या. लिहून झाल्यावर पाटी तिच्यासमोर धरली. तिला वाचता येणार नाही हे मला माहीत होतं, तरी मनात खोल कुठंतरी मी चाचणीच घेत होतो.

तिनं पाटी मांडीवर घेतली. बोटानं अक्षरं चाचपली.

"कशाचं लिवलंस?"

"नाव आहे, बाई."

"तुझं?"

"नाही. माझ्या बायकोचं."

तिनं मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. माझे पांढरे केस, कपाळावरचं तिनंच लावलेलं कुंकू, सगळं पाहिलं.

"लगीन झालं व्हय तुझं?" ती हसली. "ग्वाड अक्षर काढलंस. लई जीव दिसतोय तिच्यावर."

"हाव बाई."

"मग ही पाटी पुसू नको. तशीच घरी ने आन् तिला दाव. खूश हुईल बिचारी."

तिनं हात धुतले, पदराला पुसले. मी वाट पाहत होतो. ती परत आली आणि मी अजून बसलेलाच पाहून तिनं कपाळाला आठी घातली.

"ऊठ की. सनाचा दिवस हाय, जा घरी. वाट बघत असंल ती."

मी उठलो. पायरीवर चपला घातल्या, पाटीवरचं पुसू नये म्हणून ती आडवी, दोन्ही हातांत धरली आणि फाटक उघडून रस्त्यावर आलो. मागं वळून पाहिलं तर ती दारात उभी होती. शाळा सुटल्यावर पोरगं नजरेआड होईपर्यंत ती दारातून कधी हलायची नाही, हे तिच्याच तोंडून ऐकलेलं. उन्हं वर आली होती आणि ती उघड्या डोक्यानं उभी होती. ती आत जावी म्हणून मला चालावंच लागलं.